घर आणि शाळा : पाकीट वाचले, पण कळले का?



मागच्या लेखात पाढ्यांविषयी लिहिले होते. त्यानंतर दोन-तीन भगिनी विहारात भेटल्या. एकीने विचारले, "बाई, आमचा पोरगा पाढे म्हणतो, धडा घडाघडा वाचतो. मग परिसर अभ्यासात मार्क का पडत नाहीत?" उभ्या-उभ्या दोन वाक्यांत उत्तर देता येईना, म्हणून आजचा लेख त्यावरच लिहिते. त्यासाठी आधी आमच्या चाळीतली एक गोष्ट सांगावी लागेल.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या घरी दोन वर्षांच्या मुलीला जुलाब लागले. आई हाऊसकीपिंगच्या कामाला जाते, ती रात्री आठला येते. घरात आजी आणि चौथीतला भाऊ. दवाखान्यातल्या नर्सताईंनी ओआरएसची दोन पाकिटे दिली होती आणि पाण्यात कालवून पाजा म्हणून सांगितले होते. आजीला अक्षरओळख नाही. तिने नातवाला सांगितले, "बाळा, वाच आणि कर." नातू वाचनात हुशार, शाळेत प्रकट वाचनाला त्याचा पहिला नंबर. पाकिटावरचा मजकूर हिंदीत होता, पण अक्षरे तीच, म्हणून त्याने मोठ्याने सगळा वाचून दाखवला. मग स्टीलचा पेला घेतला, पाणी भरले आणि अख्खे पाकीट त्यात रिकामे केले.

थोड्या वेळाने आजीने भिंतीवर थाप मारून मला बोलावले. "बाई, पोरगी तोंड फिरवती, घेईना. जरा बघा तरी."

मी थेंबभर जिभेवर घेतले. समुद्राच्या पाण्यासारखे खारट!

"किती पाणी घेतलंस रे?"

"एक पेला."

"पाकीट वाचलंस का?"

"हो बाई, सगळं वाचलं." असे म्हणून त्याने ते पुन्हा खणखणीत आवाजात वाचून दाखवले. एकही चूक नाही. 'एक लिटर' हे शब्दही बरोबर वाचले, पण त्या शब्दांवर तो क्षणभरसुद्धा थांबला नाही.

"एक लिटर म्हणजे किती?"

"एक हजार मिलिलिटर." उत्तर तयारच होते.

"आणि हा पेला?"

पोराने पेल्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बाई, लिटर ते गणितात असतं ना?"

पालकहो, त्या मुलाचे हे वाक्य माझ्या कानातून अजून जात नाही.

आम्ही ते पाणी फेकले. लिटरची रिकामी बाटली स्वच्छ धुतली, उकळून गार केलेले पाणी तिच्यात मोजून घेतले, दुसरे पाकीट कालवले आणि चमच्याचमच्याने पाजले. मुलगी प्यायली. पहिला पेला तिने थुंकला हे बरेच झाले. जुलाबाने अंगातले पाणी आणि क्षार दोन्ही जातात. ते भरून यावे म्हणून मीठ आणि ग्लुकोजचे ठरलेले माप पाकिटात भरलेले असते. पाणी कमी पडले की रक्तात मीठ जास्त होते, तहान आणखी भडकते आणि लहान मुलाला झटके येण्यापर्यंतही मजल जाऊ शकते. कालवलेले पाणी २४ तासांच्या आत वापरायचे आणि उरले तर फेकायचे, हेही पाकिटावर छापलेले असते.

आता कोणी म्हणेल, मुलांकडून 'एक पाकीट, एक लिटर' असे पाठ करून घ्यावे, म्हणजे झाले. तसे होत नाही. कारण बाजारात २०० मिलिलिटर पाण्याचे लहान पाकीटही मिळते. ते लिटरभर पाण्यात घातले तर औषध फारच पातळ होईल. म्हणजे हातात कोणते पाकीट आहे हे दर वेळी वाचावेच लागते, पाठांतर इथे कामाला येत नाही. शिवाय काही गोड पेयांच्या डब्यांवर पुढे मोठ्या अक्षरांत ओआरएस असे नाव असायचे आणि मागे बारीक अक्षरांत साखरेचे प्रमाण भलतेच. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२५ मध्ये अशा पेयांना हे नाव वापरायला बंदी केली. पण बंदी झाली म्हणून पाकिटाची मागची बाजू वाचायचे सोडू नये.

हा दोष त्या एका मुलाचा असता तर मी लेख लिहिला नसता. 'असर' नावाची पाहणी आपल्या देशात २००५ पासून होते. कार्यकर्ते गावोगाव घरी जाऊन मुलांना वाचायला लावतात. २०२३ साली त्यांनी २८ ग्रामीण जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षांच्या ३४ हजारांवर मुलामुलींना भेटून रोजच्या व्यवहाराची कामे करायला दिली. त्यात एक काम हेच होते, ओआरएसच्या पाकिटावरच्या सूचना वाचायच्या आणि चार प्रश्नांची उत्तरे द्यायची. ज्यांना निदान पहिलीच्या पातळीचा मजकूर वाचता येत होता, अशांनाच हे काम दिले होते. त्यांच्यातल्या सुमारे दोन-तृतीयांश मुलांना चारपैकी तीन उत्तरे देता आली. म्हणजे वाचता येणाऱ्या दर तिघांतला एक, पाकीट हातात असूनही अडला. आणि ही मुले चौथीतली नव्हेत, दहावी-बारावीच्या वयाची.

असे का होते? उत्तर देताना मला माझ्याच वर्गात जावे लागते. मी पालिकेच्या शाळेत पुष्कळ वर्षे तिसरी-चौथी शिकवली. धडा झाला की आम्ही काय करायचो? प्रश्न वाचायचा आणि पुस्तकात पेन्सिलीने खूण करून द्यायची, "इथपासून इथपर्यंत लिहा." मुले ते वहीत उतरवत, आम्ही बरोबरची खूण करत असू. पोर्शन पूर्ण, वह्या सुंदर, तपासायला येणारे साहेब खूश. मुलाला काय कळले, याची चौकशी त्यात कुठेच नव्हती.

खोटे वाटत असेल तर ही दोन वाक्ये वाचा. 'झिपरू सकाळी गुळक्या तळ्यात टिमकतो. टिमकल्यावर त्याचे ढोमे लाल होतात.' आता सांगा, झिपरू कोठे टिमकतो? गुळक्या तळ्यात. टिमकल्यावर त्याचे काय लाल होते? ढोमे. पैकीच्या पैकी गुण! पण टिमकणे म्हणजे काय हे तुम्हाला नाही, मलाही नाही ठाऊक, कारण हे शब्द मी आत्ताच बनवले. आपली मुले 'बाष्पीभवन', 'स्थलांतर', 'पर्जन्य' हे शब्द याच रीतीने लिहून येतात. पुस्तकाच्या सुरुवातीला छापलेली संविधानाची उद्देशिका मुले परिपाठात तोंडपाठ म्हणतात. घरी एकदा 'सार्वभौम' म्हणजे काय ते विचारून पाहा.

दुसरेही एक कारण आहे. लहान मुलांना आपण वाचायला देतो त्या बहुतेक गोष्टी. राजा, कोल्हा, म्हातारी. त्या हव्यातच. पण गोष्टीला पुढची ओढ असते, एका टोकाला धरले की ती आपोआप शेवटापर्यंत नेते. माहितीचा मजकूर तसा नेत नाही. तिथे थांबावे लागते, मागे जावे लागते, चित्राकडे पाहून पुन्हा ओळीवर यावे लागते, मथळा पाहून कुठला भाग आपल्या कामाचा ते ठरवावे लागते. ही वेगळी सवय आहे आणि ती शिकवावी लागते. अमेरिकेत नेल ड्यूक नावाच्या संशोधक बाईंनी बोस्टन भागातल्या पहिलीच्या २० वर्गांत बसून मोजले की माहितीचा मजकूर मुलांच्या वाट्याला किती वेळ येतो. त्यांचा लेख २००० साली प्रसिद्ध झाला. दिवसाला सरासरी ३.६ मिनिटे! आणि गरीब वस्त्यांतल्या शाळांत त्याहूनही कमी. ज्या मुलांच्या घरी पुस्तके नाहीत, त्यांना शाळेतही ती कमीच मिळाली. आपल्याकडे असे कोणी मोजले असते तर काय निघाले असते, याचा विचार मी करू लागले की मला माझी पेन्सिल आठवते.

आता घरी काय करता येईल ते सांगते. पुस्तके विकत आणायला नकोत. निवृत्तीनंतर मी संध्याकाळी चाळीतल्या आठ-दहा मुलांना घेऊन बसते. पाकिटाच्या प्रकारानंतर मी त्यांच्यापुढे डेंग्यूची सूचना ठेवली. दर पावसाळ्यात अशी पत्रके वाटतात आणि आपण त्यांत भेळ खातो. मजकूर थोडक्यात असा: डेंग्यूचा डास साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास व्हायला साधारण ७ ते १० दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एक दिवस पाण्याची भांडी रिकामी करून, घासून कोरडी ठेवावीत.

वाचायच्या आधी मी विचारले, "डास कुठे होतात रे?" सगळे एका सुरात, "गटारात!" मी ते फळीवर लिहून ठेवले. मग वाचन झाले. पुन्हा विचारले, "डेंग्यूचा डास कुठे होतो?" निम्म्या मुलांनी पुन्हा गटारच सांगितले! 'स्वच्छ' हा शब्द त्यांनी तोंडाने उच्चारला होता, पण मनात आधीच गटार बसले होते आणि नव्या शब्दाला आत जागाच नव्हती. मग मी म्हटले, "बोट ठेवून दाखवा, गटार कुठे लिहिलंय?" मुले शोधू लागली. सापडेना. तेव्हा कुठे 'स्वच्छ' शब्दावर बोट आले आणि एक मुलगी म्हणाली, "म्हणजे बाई, आमच्या पिंपात?" तिथून त्या मुलांचे खरे वाचन सुरू झाले. (गटाराचे उत्तर अगदीच खोटे नव्हते. घाण पाण्यात होणारा डास वेगळा, हत्तीरोग पसरवणारा. तेही मुलांना सांगितले.)

आधी काय माहीत आहे ते बोलून घेणे, काय जाणून घ्यायचे ते ठरवणे, आणि वाचल्यावर काय नवे कळले ते पाहणे, ही रीत डोना ओगल या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ बाईंनी १९८६ साली मांडली. वहीच्या पानावर तीन रकाने आखले की झाले.

दुसऱ्या दिवशी प्रश्न जरा वरच्या पायरीचे विचारले. "आठवड्यातून एकदाच का? महिन्यातून एकदा का नाही?" याचे उत्तर कुठल्याच एका ओळीत नाही. खूण करून देता येत नाही. ७ ते १० दिवसांची ओळ आणि 'आठवड्यातून एक दिवस' ही ओळ जोडावी लागते. बराच वेळ गेला. शेवटी तोच पाकीटवाला मुलगा म्हणाला, "डास तयार व्हायच्या आत पाणी फेकायचं. महिना थांबलो तर तीनदा डास उडून जातील." मी त्याच्या पाठीवर थाप दिली. मग आणखी एक प्रश्न, "नुसतं रिकामं करून भागेल ना? घासायचं कशाला?" यावर पत्रकात काहीच नव्हते. मुलांनी शोध शोध शोधले आणि म्हणाली, "बाई, लिहिलेलंच नाही." हेसुद्धा चांगले उत्तर आहे. कागद सगळे सांगत नाही, हे कळणे वाचनाचाच भाग आहे. दोघी मुली नर्सताईंना विचारून आल्या. त्या डासाची अंडी भांड्याच्या कडेला चिकटतात, कोरडी पडली तरी बरेच दिवस टिकतात आणि पाणी भरले की पुन्हा उबतात. म्हणून घासायचे.

पालकहो, धड्यावर प्रश्न विचारताना एवढेच पाहा की उत्तर एका ओळीतून उचलता येते, की दोन ओळी जोडाव्या लागतात, की आपल्या घरातली गोष्ट त्यात मिळवावी लागते. पहिल्या प्रकारचे प्रश्न शाळेत पुष्कळ होतात. दुसरे आणि तिसरे घरी विचारा.

लहान शब्दांकडे लक्ष द्यायला मी विशेष सांगेन. मुले अवघड शब्दाला अडतात हे आपल्याला दिसते. पण घात करतात ते सोपे शब्द: मात्र, तरी, म्हणून, अन्यथा, किमान, वगळता, पर्यंत, नंतर. विजेच्या बिलावर दोन रकमा असतात, अमुक तारखेपर्यंत भरल्यास एक, आणि नंतर भरल्यास दुसरी. 'पर्यंत' आणि 'नंतर' या दोन शब्दांत आपल्या खिशातले पैसे अडकलेले आहेत. तेच बिल मुलाला द्या. मागील रीडिंग, चालू रीडिंग, वजाबाकी कर, युनिट जुळतात का पाहा, मग जिन्याखालचा मीटर बघून ये. गणित आणि भाषा हे दोन वेगळे तास आहेत अशी जी त्या पोराची समजूत होती, ती अशाने मोडते.

जुलाब झालेल्या मुलांना झिंकच्या गोळ्याही देतात, १४ दिवस. जुलाब थांबले तरी त्या पूर्ण करायच्या असतात. या वाक्यातला 'तरी' गळाला की गोळ्या तिसऱ्या दिवशी फडताळात जातात.

"आम्हाला स्वतःला वाचता येत नाही, आम्ही काय शिकवणार?" असे म्हणणाऱ्या माता-भगिनी पुष्कळ आहेत. त्यांना मी सांगते, तुमच्याइतके चांगले शिकवणारे कोणी नाही. कारण मी मुलाला प्रश्न विचारते तेव्हा त्याला ठाऊक असते की बाईंना उत्तर येते, बाई परीक्षा घेत आहेत. तुम्ही विचारता तेव्हा तुम्हाला खरोखरच जाणून घ्यायचे असते. मुलाने नुसते वाचून दाखवले तर तुमचे समाधान होत नाही. तुम्ही म्हणता, "ते झालं, पण म्हणजे काय करायचं?" हा सगळ्यात मोलाचा प्रश्न आहे. रागावून मात्र विचारू नका. मुलाला सांगता आले नाही तर "पुन्हा वाच, दोघं मिळून बघू" एवढेच म्हणा.

अ‍ॅनमेरी पॅलिंक्सर आणि अ‍ॅन ब्राऊन या अमेरिकेतल्या दोघी संशोधकांनी १९८४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मुले सातवीची होती, आपल्या शेजारच्या मुलासारखीच. अक्षरे बरोबर वाचत, पण अर्थ लागत नसे. त्यांनी काय केले? मुलांनाच आळीपाळीने गुरुजी केले. ज्याची पाळी असेल त्याने परिच्छेद वाचून झाल्यावर इतरांना एक प्रश्न विचारायचा, सार थोडक्यात सांगायचे, न कळलेला शब्द उघड करायचा आणि पुढे काय असेल त्याचा अंदाज बांधायचा. रोज अर्धा तास, सुमारे वीस दिवस. तेवढ्यात मुलांचे समजणे चांगलेच सुधारले आणि नंतरही टिकले. आपल्या घरात दोन-तीन भावंडे असतातच. मोठीला नेहमी बाई करू नका, धाकट्यालाही करा. न कळलेला शब्द सांगणाऱ्याला कोणी हसायचे नाही, हा एकच नियम मी आमच्या चाळीत घातला आहे. सुरुवातीला कोणी शब्द सांगेना. मग मीच पत्रकातला एक इंग्रजी शब्द मला कळत नाही असे कबूल केले, तेव्हा मुलांची भीड चेपली.

वेळ किती द्यावा? आठवड्यातून तीन संध्याकाळी वीस-वीस मिनिटे पुरतात. मजकूर आठ-दहा ओळींपेक्षा मोठा नको. मोबाईलवर आलेली सूचना चालेल, पण मुलाला स्क्रीन वर-खाली सरकवून मागची ओळ सापडत नाही. शक्यतो कागद घ्या. परिसर अभ्यासाचा धडा घेतलात तर आधी चित्रे आणि चित्रांखालच्या ओळी वाचायला लावा. मुले त्या हमखास सोडतात, आणि निम्मा धडा तिथेच असतो.

शेजारच्या मुलीला त्या वेळी झिंकच्या गोळ्याही मिळाल्या होत्या. पाचव्या दिवशी मी सहज त्यांच्याकडे गेले तर आजी डबा आवरून ठेवत होती. "पोरगी आता खेळती-खाती, कशाला पाजायच्या?" नातू दप्तर भरत होता. तो तसाच उठला, चिठ्ठी काढली, एका शब्दावर बोट ठेवले आणि म्हणाला, "आजी, इथं 'तरी' लिहिलंय बघ." आजी म्हणाली, "मला मेलीला काय दिसतंय त्यात? म्हणजे काय ते सांग." आणि त्याने दप्तर बाजूला ठेवून सांगायला सुरुवात केली.

पुढच्या लेखात नकाशा वाचण्याविषयी लिहीन. तोवर घरातले एखादे पत्रक किंवा बिल जपून ठेवा, उपयोगी पडेल.